शिडाच्या जुन्या बोटीवर सौरवीज कशी बसवतात

नागपूरच्या माणसाने समुद्रातल्या बोटीविषयी लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहे. इथून मुंबई गाठायची तर समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे, आणि आमची नौकानयनाची हौस अंबाझरी किंवा रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर भागते. पण पुतण्याने रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी उभी असलेली चौतीस फुटांची, फायबरची, जुनी शिडाची बोट विकत घेतली आणि वर्षातले सहा-सात महिने पत्नीसह तिच्यातच राहण्याचा बेत केला, तेव्हा त्याने मला विचारले, “काका, किती वॉटचे पॅनेल घेऊ?” वीजपुरवठ्याच्या कामात तीसेक वर्षे घालवलेल्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटला आणि मी लगेच चारशे वॉट हा आकडा सांगून टाकला. तो आकडा पुढे फारसा बदलला नाही, पण त्याच्याभोवतीचे जवळजवळ सगळे बदलावे लागले, कारण पॅनेल हा या कामातला सर्वांत सोपा भाग असतो. खरी अडचण सावलीत आणि सांध्यांत असते, आणि ती पॅनेल विकणारा सांगत नाही.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सौरवीज म्हटले की बोट उन्हावर चालते, असे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. तशा बोटी आहेतही. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट धावते, आणि ‘प्लॅनेटसोलर’ या बोटीने २०१० ते २०१२ या काळात केवळ सूर्याच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. मात्र त्या दुसऱ्या बोटीवर पाचशे चौरस मीटरहून अधिक पॅनेल पसरलेले होते. चौतीस फुटी शिडाच्या बोटीवर चार चौरस मीटर मोकळी जागा मिळाली तरी नशीब समजायचे. तिला पुढे नेण्याचे काम वारा करतो आणि वारा पडला की डिझेल इंजिन करते. सूर्याकडे राहते ते घर चालवण्याचे काम, म्हणजे फ्रिज, दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप, रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रे.

दुसरा गैरसमज नागपुरात जास्त आढळतो, कारण आता गल्लोगल्ली छतांवर सौरसंच दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि एक किलोवॉटमागे दिवसाला सुमारे चार युनिट हा ठोकताळा सगळ्यांना तोंडपाठ झाला आहे. परंतु त्या छतावरच्या संचाच्या पाठीशी वीज कंपनीचे जाळे उभे असते. दुपारी जास्त झालेली वीज जाळ्यात जाते आणि रात्री तेवढीच परत घेता येते, म्हणजे व्यवहारात ती कधीही न भरणारी आणि कधीही न संपणारी बॅटरीच आहे. बोटीला हे जाळे नाही. दुपारी बॅटरी भरली की त्यापुढचे ऊन वाया जाते, आणि पहाटे बॅटरी संपली तर हात जोडून सूर्योदयाची वाट पाहावी लागते. त्यामुळे बोटीवरचा विचार पॅनेलपासून नव्हे, तर खर्चापासून सुरू करावा लागतो.

खर्चाचा हिशोब

बोटीवरची वीज सहसा १२ व्होल्टची एकदिश वीज असते आणि तिचा हिशोब अँपिअर-तासांत करतात. एखादे उपकरण चार अँपिअर घेत असेल आणि ते तीन तास चालले, तर बारा अँपिअर-तास खर्च झाले. पुतण्याच्या बोटीचा, नांगर टाकून उभ्या असलेल्या दिवसाचा, हिशोब आम्ही मांडला तेव्हा एकट्या फ्रिजने निम्म्याहून जास्त वाटा खाल्ला. छोटा कॉम्प्रेसर चालू असताना साडेचार अँपिअर घेतो, आणि कोकणच्या उष्ण, दमट हवेत तो दिवसातला निम्मा वेळ चालूच राहतो, म्हणजे चोपन्न अँपिअर-तास. लॅपटॉप आणि दोन फोन यांचे एकोणीस, दोन छोट्या पंख्यांचे बारा, केबिनमधल्या एलईडी दिव्यांचे पाच, रेडिओचे चार, मोजमापाच्या किरकोळ उपकरणांचे चार, पाण्याच्या पंपाचे दोन, आणि रात्रभर डोलकाठीच्या टोकावर जळणाऱ्या नांगरदिव्याचे जेमतेम अडीच. एकूण शंभराच्या थोडे वर, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. आपल्या घरातला दीड टनाचा एसी एवढी वीज तासाभरात संपवतो, हे लक्षात घेतले की बोटीवरच्या संसाराचे माप कळते. शिडे लावून प्रवास चालू असेल त्या दिवशी मात्र स्वयंचलित सुकाणू आणि नकाशाचा पडदा चोवीस तास चालतात, आणि हाच आकडा दुपटीच्या जवळ जातो.

या टप्प्यावर एक मोह टाळावा लागतो. पुतण्याच्या पत्नीला गॅसचे सिलिंडर बोटीवर नको होते आणि तिची भीती रास्त होती, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचून राहतो. तिने इंडक्शन शेगडीचा प्रस्ताव मांडला. २००० वॉटची शेगडी १२ व्होल्टवर चालवायची तर इन्व्हर्टरमधली गळती धरून १८० अँपिअरच्या पुढे प्रवाह लागतो, म्हणजे वायरी अंगठ्याएवढ्या जाड आणि बॅटरी दुप्पट. काही लोक ते करतातही, पण चारशे वॉटच्या पॅनेलवर नाही. शेवटी गॅसच राहिला; गळती ओळखणारा संवेदक तळाशी बसवला आणि सिलिंडर बाहेरच्या, समुद्राकडे निचरा असलेल्या कप्प्यात गेला.

खर्च कमी करण्यावर घातलेला पैसा पॅनेलवरच्या पैशापेक्षा नेहमी जास्त फळतो. बोटीची दुरुस्ती चालू असताना फ्रिजच्या पेटीभोवतीचे जुने, पाणी प्यायलेले थर्माकोल काढून चार इंच जाडीचा बंदिस्त पेशींचा फोम भरता येतो. लाकूडकाम परत बसल्यावर हे काम होत नाही. मला विचाराल तर अशा बोटीवरचे पहिले ‘सौर’ काम फ्रिजच्या पेटीतच करावे.

आता पॅनेलचा आकडा सहज निघतो. पॅनेलवर लिहिलेले वॉट हे प्रयोगशाळेतल्या स्थितीचे असतात. एका चौरस मीटरवर १००० वॉट प्रकाश आणि सेलचे, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या छोट्या चकत्यांचे, तापमान २५ अंश, अशी ती स्थिती असते. किनाऱ्यावर स्वच्छ दिवसाचे एकूण ऊन अशा पूर्ण प्रखर उन्हाच्या सुमारे पाच तासांइतके धरता येते. ४०० वॉट गुणिले पाच तास म्हणजे दोन युनिट, आणि उष्णता, वायरी, धूळ-मीठ व थोडीफार सावली यांपोटी त्यातले पस्तीस टक्के कापले की १.३ युनिट हाती राहतात. आपली गरज सव्वा युनिटची. म्हणजे ४०० वॉट स्वच्छ दिवसाला पुरतात, ढगाळ दिवसाला पुरत नाहीत, आणि मधली तूट बॅटरीने किंवा इंजिनने भरून काढायची असते.

गच्चीवरची बोट

सगळे सामान थेट खाडीवर नेऊन बसवण्याऐवजी ते आधी नागपुरात माझ्या गच्चीवर मांडून पाहावे, असे आम्ही ठरवले, आणि ते मे महिन्यात केले. घरातल्यांचा याला विरोध होता, कारण त्याच गच्चीवर कुरडया आणि पापडांचे वाळवण होते आणि दोघांनाही ऊन हवे होते. तडजोड म्हणून पूर्वेची बाजू वाळवणाला आणि पश्चिमेची आम्हाला मिळाली. बॅटरी मात्र गच्चीवर ठेवली नाही. लिथियमची बॅटरी बनवणारे बहुतेक उत्पादक ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये असे सांगतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात नुसती सावलीतली हवाच तेवढी तापते. म्हणून तिची जागा खाली जिन्याखाली ठरली.

पहिला धडा उष्णतेचा होता. पॅनेल तापले की त्याची वीज कमी होते, हे ऐकून माहीत असते, पण पटत नाही, कारण ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असे मन सांगत राहते. सिलिकॉन सेलची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने घटते. नागपूरच्या गच्चीवर दुपारी पॅनेलची पाठ हाताला सोसवत नव्हती, सेल सत्तरच्या घरात गेले होते, आणि १०० वॉटचे पॅनेल ऐन बारा वाजता ८० वॉटच्या थोडे वर थांबत होते. त्याच पॅनेलखाली चार विटा ठेवून ते उचलले आणि वारा खेळू लागला, तेव्हा दोन-तीन वॉट परत आले. बोटीवर लवचीक, पातळ पॅनेल थेट डेकवर चिकटवण्याची फॅशन आहे. ती दिसायला छान आणि वजनाला हलकी असतात, पण खाली हवा नसल्याने तापतात आणि काचेच्या पॅनेलच्या तुलनेत फार लवकर खराब होतात. आम्ही ती घेतली नाहीत.

दुसरा धडा सावलीचा, आणि तो मला तीस वर्षांच्या अनुभवानंतरही नवा होता. १०० वॉटच्या त्या पॅनेलमधून बॅटरीकडे सहा अँपिअर जात असताना मी वाळवणाची चादर बांधायचा, सहा सेंटिमीटर जाडीचा एक बांबू उचलून त्याची सावली पॅनेलवर आडवी पाडली. पॅनेलचा जेमतेम विसावा भाग झाकला गेला होता, पण मीटरवरचा आकडा तीनवर आला. मग सेलच्या मापाचा पुठ्ठा कापून तो छत्तीसपैकी एकाच सेलवर ठेवला, आणि आकडा जवळजवळ शून्य झाला. पुतण्या म्हणाला, मीटर बिघडला असेल. पुठ्ठा काढला, सहा, ठेवला, शून्य.

याचे कारण असे की पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. खळ्यावर मळणीसाठी एका पातीत जुंपलेले बैल जसे सर्वांत मंद बैलाच्या चालीने फिरतात, तशी सेलची संपूर्ण रांग सर्वांत अंधारातल्या सेलच्या चालीने चालते. लंगडा बैल सोडून देण्याची सोय पॅनेलमध्ये असते, तिला बायपास डायोड म्हणतात. तो सावलीतल्या गटाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतो. पण छत्तीस सेलच्या पॅनेलमध्ये असे दोनच गट असतात, अठरा-अठरा सेलचे. त्यातला एक गट सुटला की पॅनेलचा १८ व्होल्टचा दाब नऊवर येतो, आणि नऊ व्होल्टने तेरा व्होल्टची बॅटरी भरता येत नाही. म्हणून एका सेलवरचा पुठ्ठा सगळे पॅनेल बंद पाडतो. बोटीवर हा पुठ्ठा कुरव पक्ष्याच्या विष्ठेचा असू शकतो, आणि आमच्या गच्चीवर पारव्यांच्या.

बाजारात २४ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे, ७२ सेलचे, २०० वॉटचे पॅनेल मिळते. त्यात तीन गट असतात आणि भर उन्हातला दाब ३६ व्होल्टच्या आसपास असतो. त्याच्या एका सेलवर तोच पुठ्ठा ठेवला, तर एक गट सुटूनही २४ व्होल्ट उरतात, ते बॅटरीला पुरेसे असतात, आणि नुकसान साधारण एक तृतीयांशावर थांबते. तेव्हा मी आधी सांगितलेला चारशे वॉटचा आकडा तोच राहिला, पण १०० वॉटची चार पॅनेल जाऊन २०० वॉटची दोन आली.

मात्र ३६ व्होल्टचे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडता येत नाही. मध्ये एमपीपीटी प्रकारचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे यंत्र, लागतो. स्वस्त असलेला पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा मुळात चालू-बंद होणारा दरवाजा आहे; तो पॅनेलला बॅटरीच्या दाबावर खाली ओढतो आणि वरचा दाब वाया घालवतो. एमपीपीटी हा दाब कमी करून प्रवाह वाढवतो, आणि पॅनेलमधून सर्वांत जास्त वॉट कोणत्या दाबावर निघतात ते सतत चाचपत राहतो. बोटीवर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र एमपीपीटी द्यावा, कारण डावे पॅनेल सावलीत असताना उजवे उन्हात असते, आणि एकाच कंट्रोलरला दोघांचे भांडण सोडवायला लावण्यात अर्थ नसतो. इथे मी स्वतः एक चूक केली, ती सांगून टाकतो. कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनेल जोडायचे असते, म्हणजे त्याला किती व्होल्टच्या बॅटरीशी गाठ आहे ते कळते. मी घाईत उलटे केले, आणि पुढचा अर्धा तास मी निर्दोष कंट्रोलरला दोष देण्यात घालवला.

वारा आणि सावलीची दिशा

बांबूच्या प्रयोगानंतर पुतण्या घाबरला, कारण बोटीवर डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचे जाळेच असते. त्याची भीती निम्मी खरी होती. सूर्य आकाशात बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे कोणत्याही वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या साधारण १०८ पट अंतरापर्यंतच पोहोचते आणि पुढे विरघळते. आठ मिलिमीटरच्या तारेची गडद सावली मीटरभराच्या आत संपते; तीन-चार मीटरवरच्या पॅनेलला ती फारशी जाणवत नाही. पण बारा सेंटिमीटर जाडीच्या डोलकाठीची गडद सावली तेरा मीटरपर्यंत टिकते, म्हणजे पिछाडीपर्यंत सहज. शिडाच्या खालची आडवी काठी, जिला बूम म्हणतात, ती तर पॅनेलच्या अगदी पुढ्यात असते.

पॅनेल बसवायला सर्वांत मोकळी जागा पिछाडीला, स्टीलच्या नळ्यांच्या कमानीवर मिळते. आणि इथे कोकणचा वारा आडवा येतो. नांगर टाकलेली बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे येतात, म्हणजे बोटीची नाळ, तिचे पुढचे टोक, पश्चिमेकडे. सूर्यही तेव्हा पश्चिमेला झुकलेला असतो, आणि डोलकाठी व बूम यांची सावली बरोबर पिछाडीवर पडते. रात्री-पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात, नाळ पूर्वेकडे वळते, आणि सकाळचा सूर्यही समोरून येतो. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले खारे आणि मतलई वारे आपल्या बॅटरीवर असा परिणाम करतील, असे शाळेत कोणी सांगितले नव्हते. खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह बोटीला फिरवतो, तेवढाच फरक. उपाय साधा आहे: नांगर टाकल्यावर बूम दोराने एका कडेला ओढून बांधायची, आणि दोन पॅनेल डावी-उजवीकडे जितकी दूर ठेवता येतील तितकी ठेवायची.

पॅनेलला कोन द्यावा का, हा प्रश्न घराच्या छतावर महत्त्वाचा असतो. सतत फिरणाऱ्या बोटीवर कोन देऊन उपयोग नसतो, म्हणून ती आडवीच ठेवतात. आपल्या अक्षांशावर त्याने फारसे बिघडत नाही. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या बांबूची सावली त्याच्या पायाशीच संपते. रायगडच्या किनाऱ्यावर डिसेंबरमध्येही दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास असतो.

बॅटरी

लोडशेडिंगच्या काळापासून आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आणि त्याची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आहे, आणि तीच बोटीवर का नको, असे मला दोघा-तिघांनी विचारले. शिडाची बोट वाऱ्याने वीस-पंचवीस अंश कलंडून चालते. उघड्या आम्लाची बॅटरी तशा स्थितीत सांडते, आणि समुद्राचे खारे पाणी तिच्यात शिरले तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो. बंदिस्त एजीएम बॅटरी, म्हणजे आम्ल न सांडणारी शिशाचीच बॅटरी, हा धोका टाळते, पण शिशाचे मूळ दोष तिच्यातही असतातच. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे २०० अँपिअर-तास वापरायचे असतील तर ४०० चे, सव्वाशे किलो वजनाचे, सामान वाहावे लागते. शिवाय ती शेवटचा वीस टक्के भाग फार हळू घेते. दुपारी एक वाजता, ऊन ऐन भरात असताना, ती पोट भरल्यासारखी प्रवाह नाकारू लागते. आणि रोज पूर्ण भरली नाही तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. सूर्य आणि शिसे यांचे वेळापत्रक एकमेकांशी जमत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा प्रवाह घेते, ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येते, आणि २०० अँपिअर-तासांची एक बॅटरी पंचवीस किलोच्या आत बसते. आमच्या हिशोबाने ती दीड दिवस सूर्याशिवाय निभावते. पण तिच्या दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. तिचा दाब भरलेली असताना आणि बरीच रिकामी असताना जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे व्होल्ट पाहून किती उरली ते सांगता येत नाही. त्यासाठी शंट, म्हणजे प्रवाह मोजणारा तुकडा, बसवून येणारा-जाणारा प्रत्येक अँपिअर मोजावा लागतो. दुसरे म्हणजे, तिच्या आतले बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारे सर्किट, संकटात बॅटरी एकदम तोडते. त्या क्षणी इंजिनचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र, तिला सरळ जोडलेला असेल, तर दाब उसळून त्याचे डायोड जळतात. शिवाय ती इतका प्रवाह ओढते की जुना अल्टरनेटर तापून बसतो. म्हणून इंजिनसाठी वेगळी शिशाची बॅटरी ठेवून, तिच्यातून मर्यादित प्रवाहाने लिथियमला भरणारा डीसी-डीसी चार्जर मध्ये घातला.

सांधे आणि वायरी

बोटीच्या आतले लाकडी अस्तर उघडल्यावर जुनी वायर दिसली, तिचे एक टोक मी कापून पाहिले. आतले तांबे लालसर असायला हवे होते, ते काळे होते. म्हणून आणखी एक वीत मागे कापले, तरी काळेच. खारी, दमट हवा बारीक तारांच्या फटींतून आवरणाच्या आत कितीतरी आत चढते, आणि थिंबलजवळ, म्हणजे वायरीच्या टोकावरच्या धातूच्या टोपीजवळ, तर मोरचुदासारखा हिरवट थर धरला होता. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक कळकते, तसाच हा प्रकार, आणि उपायही तोच आहे: बोटीवर कल्हई केलेल्या, म्हणजे टिनचा मुलामा दिलेल्या, बारीक तारांची वायर वापरतात. सांधे डाखायचे नाहीत, चांगल्या दाबयंत्राने क्रिंप करायचे आणि वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवायची. डाख वायरीत वर चढून तिला कडक करतो, आणि बोटीच्या हादऱ्यांनी ती त्याच कडक जागी तुटते. सगळी वायरिंग अस्तर उघडे असतानाच बदलावी. दुरुस्तीच्या वेळीच सौरसंच बसवण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

वायर किती जाड घ्यावी, याचे गणित सोपे आहे. पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंत सात मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चौदा मीटर वायर आहे. २०० वॉटचे पॅनेल १८ व्होल्टचे असते, तर ११ अँपिअर वाहिले असते आणि चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.६७ व्होल्ट, म्हणजे पावणेचार टक्के, गळाले असते. तेच पॅनेल ३६ व्होल्टचे असल्याने प्रवाह साडेपाच अँपिअर होतो आणि त्याच वायरीत गळती एका टक्क्याच्याही आत येते. दाब दुप्पट केला की गळतीचे प्रमाण चौथाईवर येते. याच कारणाने कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवावा, म्हणजे जास्त प्रवाहाचा मार्ग आखूड राहतो.

फ्यूजबद्दल एवढेच ध्यानात ठेवावे की तो उपकरणाच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीच्या जवळ, वायर सुरू होते तिथे लागतो. सीताबर्डीत मी एकदिश विजेसाठीचा स्विच शोधत होतो, तेव्हा एका दुकानदाराने घरगुती एमसीबी पुढे ठेवला आणि म्हणाला, “घ्या ना काका, चालून जाते!” चालून जाते, हे खरे, बंद करताना मात्र अडचण होते. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि ठिणगी आपोआप विझते. एकदिश वीज शून्यावर येतच नाही, त्यामुळे स्विच उघडला तरी त्याच्या फटीत ठिणगीची कमान पेटती राहू शकते. स्विच आणि एमसीबी डीसीसाठीचेच, म्हणजे एकदिश विजेसाठीचेच, हवेत, आणि पॅनेलचे कनेक्टर भर उन्हात, प्रवाह चालू असताना, ओढून काढू नयेत. पॅनेलवर आधी जाड चादर टाकावी.

कमानीवर पॅनेल बसवताना ॲल्युमिनियमची चौकट आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घातले, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम त्यात झिजते. दोन्ही पॅनेल मिळून तीस किलो भरतात, आणि वादळी वाऱ्यात ती स्वतःच शिडासारखी वागतात, त्यामुळे कमान डेकला जिथे जोडली जाते तिथे खालून रुंद पट्टी देऊन बोल्ट आवळले.

पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून झाकून ठेवतात. त्या चार महिन्यांत लिथियमची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नसते. पन्नास-साठ टक्क्यांवर आणून तिचा मुख्य स्विच बंद करायचा असतो, आणि त्याआधी पॅनेल कंट्रोलरपासून सोडवायचे असतात. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावल्या, आणि संपूर्ण जोडणीचा नकाशा लॅमिनेट करून फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. पुतण्याने तो इंग्रजीत काढला होता. मी तो मराठीत परत काढून घेतला, नांगरदिवा, फ्रिज, पाण्याचा पंप, डावे पॅनेल, उजवे पॅनेल, अशा नावांनिशी, कारण पुतण्या बोटीवर नसताना ती पेटी उघडणार आहे तो खाडीकाठच्या यार्डातला मिस्त्री.